यंत्राचा कान आणि उसनी चाल

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जातें. नामदेवांच्या अभंगांवर आज कोणाचीही खासगी मालकी नाहीं. असें असतां, आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें नुकतीच आम्हांस स्वतःची एक संगीतरचना ऐकविली. तींत नामदेवांच्या अभंगाचा जुन्या तबकडीवरून उचललेला आवाज होता; परंतु तो मुळापेक्षां तीन स्वर चढविलेला, तुटक आणि अगदीं पोरकट झालेला. असें कां केलें, म्हणून विचारतां तो सहज म्हणाला, "सर, एवढं बदललं की यंत्र ओळखत नाही." त्या उत्तरानें आम्ही अस्वस्थ झालों. रचनेंतील मुख्य निर्णय रसिकाकरितां नव्हे, तर पहारेकऱ्यास चुकविण्याकरितां घेतला गेला होता!

ज्यांस हा विषय अपरिचित असेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा करतों. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन त्याभोवतीं नवी रचना उभारणें यास 'सॅम्पलिंग' म्हणतात. २००७ सालीं यूट्यूबनें 'कंटेंट आयडी' नांवाची व्यवस्था सुरू केली. हक्कदारांनीं दिलेल्या प्रतींवरून ध्वनीचा जणूं बोटाचा ठसा घेतला जातो, आणि नवें जें कांहीं येईल तें त्या ठशांशीं ताडून पाहिलें जातें. जुळल्यास तें अडवावें, त्याचें उत्पन्न घ्यावें, कीं नुसती नोंद ठेवावी, हें हक्कदारानें ठरवावयाचें. यंत्रास साम्य कळतें. परवानगी, अवतरण, विडंबन किंवा संपलेली मुदत यांचा विवेक त्यास नाहीं. २०१८ सालीं जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकानें स्वतः वाजविलेलें बाखचें संगीत फेसबुकवर ठेवलें, तर त्यांतील ४७ सेकंदांवर एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा लागला. बाख १७५० सालींच निवर्तला होता!

उसनवारी आम्हां मराठी माणसांस नवी नाहीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून आमच्या नाटकांतील पदें परिचित चालींवर बांधलीं जात. १९११ च्या 'मानापमाना'करितां गोविंदराव टेंब्यांनीं पूरबी ठुमरी-दादऱ्यांचा मुक्तहस्तानें उपयोग केला. परंतु नाटकाच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' अमुक, असें उघड लिहिलेलें असे. उसनें घेतलें तें कबूल करावें, आणि घेतल्यानंतर आपलेंसें करावें, हीच त्या संगीताची नीति होती. यंत्रानें ही नीति नेमकी उलटी केली आहे. जो मूळ स्वर ओळखूं येईल असा ठेवतो तो सांपडतो. जो विद्रूप करतो तो निसटतो. यंत्र अधिक तीक्ष्ण होईल तसतसें विद्रूपीकरणही वाढतें. ज्यांस हा खटाटोप नको, ते परवान्यासह विकत मिळणारे तयार तुकडे वापरतात. मग हिंगोलीच्या मुलाची रचना आणि हँबुर्गच्या मुलाची रचना यांत फरक तो काय राहणार?

दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. भीमसेन जोशी यांनीं गाइलेल्या आणि राम फाटक यांनीं चाल दिलेल्या नामदेवांच्या अभंगांत शब्द सर्वांचे. परंतु चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क पुन्हां निराळा. दुसऱ्याचा घाम फुकट वापरणें ही कांहीं प्रतिभा नव्हे. ज्या गायकवादकांस त्या काळीं पुरेसा मोबदला मिळाला नाहीं, त्यांचा वांटा त्यांच्या वारसांपर्यंत पोंचावा, ही इच्छा योग्यच आहे. म्हणून हक्कच नको, असें आम्ही म्हणत नाहीं.

परंतु आमच्या विद्यार्थ्याची तबकडी स्वातंत्र्यापूर्वीची, आणि तिच्यावरील चाल भजनपरंपरेंतील होती. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें चालतो. म्हणजे तो आवाज केव्हांच मुक्त झाला होता! आमच्या विद्यार्थ्यास भय कायद्याचें नव्हतें. कोणी त्याच तबकडीची नवी आवृत्ति काढून तिचा ठसा यंत्रापाशीं ठेवला असेल, याचें होतें. जें सर्वांचें होतें तें त्यानें चोरट्यासारखें तोंड झांकून वापरलें.

आम्हीं त्यास दोन गोष्टी सुचविल्या. आवाज मूळ पट्टींत ठेव, आणि रचनेखालीं तबकडीचें व गायकाचें नांव लिही. दावा आलाच तर हरकत घेण्याची सोय आहे, ती घे. यंत्रें चालविणाऱ्यांनीं मुक्त ध्वनींची नोंदही तितक्याच काळजीनें ठेवावी, आणि खोट्या दाव्यास कांहीं शासन असावें, ही अपेक्षा अवाजवी नाहीं. पुढील आठवड्यांत तो पुन्हां आला. या वेळीं तो म्हातारा आवाज आपल्या मूळ भारदस्तपणानें, तबकडीच्या खरखरीसकट, आमच्या खोलींत घुमला. रचना पहिलीपेक्षां किती तरी सरस होती. ती प्रसिद्ध करण्याचें धैर्य मात्र त्यास अद्याप झालेलें नाहीं.