'विजेच्या गाडीला गिअर नसतो' : एक अर्धसत्य

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा विषय वर्गात निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, म्हणून या गाडीला गिअर लागत नाही.' वाक्य सुटसुटीत आहे, पण त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक म्हणजे, गिअर असतो! निस्सान लीफ या मोटारीत मोटरीचे सुमारे ८ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. हे काम दंतचक्रेच करतात. त्यांचे प्रमाण बदलता येत नाही, इतकेच. 'एकच गिअर' आणि 'गिअर नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर देते हे खरे. पण तो जोर शेवटपर्यंत टिकत नाही. फिरणारी मोटर जनित्रासारखी उलटा विद्युतदाब निर्माण करते. वेग वाढतो तसा हा दाब वाढतो, बॅटरीचा दाब मात्र मर्यादित असतो. त्यामुळे एका ठरावीक वेगानंतर जोर घटू लागतो. मग दुसरा गिअर का नको?

थोडे गणित करू. चाकाचा परीघ २ मीटर धरला, तर ताशी १२० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला १,००० फेरे घेते. प्रमाण ८ असेल तर मोटर ८,००० फेरे घेईल; १५ असेल तर १५,०००. प्रमाण मोठे घेतले तर चाकाला जोर जास्त मिळतो, पण मोटर लवकर वेगमर्यादेला पोचते. ही ओढाताण दोन गिअरनी सुटते.

टेस्लाच्या रोडस्टर मोटारीसाठी दोन गिअरची पेटी योजली होती. ती टिकेना. म्हणून २००८ साली पहिल्या मोटारी दुसऱ्याच गिअरमध्ये कायमच्या अडकवून ग्राहकांना दिल्या गेल्या. साहजिकच त्या सुरुवातीला मंद होत्या. पुढे मोटरीला अधिक प्रवाह पुरवणारी यंत्रणा बसवली आणि एकाच गिअरवर भागले. म्हणजे गिअर अनावश्यक ठरला नाही. त्याचे काम इलेक्ट्रॉनिक्सने केले. उलट २०१९ साली आलेल्या पोर्शे टायकानच्या मागच्या आसाला दोन गिअर आहेत. त्यांची प्रमाणे सुमारे १५ आणि ८ आहेत. झटपट सुरुवात आणि मोठा वेग ही दोन्ही उद्दिष्टे त्यातून साधली आहेत. त्यासाठी वजन, किंमत आणि गुंतागुंत वाढली.

तेव्हा 'लागतो की नाही' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'कोणत्या कामासाठी, किती किमतीत?' असे विचारायला हवे. गिअर शक्ती निर्माण करत नाही. जोर वाढवला की फेरे कमी होतात. गिअरची सायकल वर्गात उलटी ठेवून मुलांना पेडलचा एक फेरा देऊ द्या आणि मागच्या चाकाचे फेरे मोजू द्या. मग विचारा : चढावर कोणता गिअर घ्याल, आणि सपाटीवर तोच का नको?