‘गर्दी’ आणि ‘गारदी’ : एका व्युत्पत्तीचें परीक्षण

पेशवेकालीन कागद वाचतांना ‘गर्दी’ हा शब्द वारंवार भेटतो. आज त्याचा अर्थ माणसांची दाटी एवढाच उरला आहे. जुन्या लेखांत मात्र दंगा, कापाकापी, दाणादाण असा अर्थ येतो. हा शब्द ‘गारदी’ यावरून निघाला व ‘भाऊगर्दी’ म्हणजे भाऊसाहेबांच्या गारद्यांनीं माजविलेला गोंधळ, अशी एक समजूत आहे. तिचें परीक्षण अवश्य आहे. कारण प्रश्न केवळ शब्दाचा नाहीं, एका सैन्याच्या लौकिकाचाही आहे.

प्रथम ‘गारदी’ घेऊं. पहारा किंवा रक्षकदल या अर्थाच्या युरोपीय ‘गार्द’ शब्दाचें ‘गारद’ झालें, व त्या दलांतील शिपाई तो गारदी. या शब्दाच्या प्रसाराचें एक मोठें केंद्र आपलेंच शहर होतें. 1751 मध्यें सलाबतजंगाबरोबर फ्रेंच सेनानी बुसी औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपती संभाजीनगरास, आला. त्याच्या कवायती पलटणींच्या परंपरेंत तयार झालेला इब्राहीमखान पुढें निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला, आणि ‘गारदी’ हें त्याचें उपपदच बनलें.

‘गर्दी’चें कूळ निराळें. फारसींत ‘गर्दीदन्’ म्हणजे फिरणें. त्यापासून ‘गर्द’ म्हणजे फिरणारा व ‘गर्दी’ म्हणजे फिरणें. ‘आवारागर्दी’ हा शब्द याच घडणीचा. लुटारू फौजा मुलखांत फिरूं लागल्या म्हणजे जो अनर्थ होतो, त्यासही हेंच पद लागलें. सुरजमल जाटाच्या लोकांनीं 1753 मध्यें जुनी दिल्ली लुटली, ती ‘जाटगर्दी’; अब्दालीच्या स्वाऱ्या ती ‘शाहगर्दी’. जाटांच्या त्या लुटीशीं दख्खनच्या गारद्यांचा कांहींएक संबंध नव्हता. आपल्याकडील ‘पेंढारगर्दी’ही याच जातीची. ‘गर्दी’ गारद्यांपासून निघाली असती, तर जाट व पेंढारी यांच्या नांवांपुढें ती कशी लागली असती?

व्याकरणही याच बाजूस साक्ष देतें. ‘गारदी’ हें पुल्लिंगी व्यक्तिवाचक नाम. ‘गर्दी’ हें स्त्रीलिंगी भाववाचक नाम. ‘गर्दीस मिळविणें’ या प्रयोगांत मात्र फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ हा तिसराच शब्द असावा. ‘धुळीस मिळविणें’ हा मराठी प्रयोग त्याचा सख्खा भाऊ दिसतो. तसेंच ‘गारद होणें’ म्हणजे नाश पावणें, यांतील ‘गारद’ पहाऱ्याची नव्हे. लूट या अर्थाच्या अरबी ‘गारत’चें तें रूप होय.

मग घोटाळा कां झाला? 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावांचा वध केला. त्या प्रसंगीं गारदीही होते व गर्दीही झाली. दोन शब्द एकाच घटनेस चिकटले आणि कानांना ते एकाच घरचे वाटूं लागले. पण त्या दिवसाच्या कलंकाचे शिंतोडे 14 जानेवारी 1761 च्या पानिपतावर उडवावे, हा अन्याय आहे. पानिपतावर इब्राहीमखानाच्या पलटणी रोहिल्यांशीं निकरानें झुंजल्या व त्यांतील बहुतेक शिपाई रणांत पडले. खान स्वतः शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. सैन्याची जी दाणादाण उडाली, तीस लोकांनीं भाऊसाहेबांच्या नांवानें ‘भाऊगर्दी’ म्हटलें. त्या शब्दांत गारद्यांवर ठपका नाहीं.

यावरून संशोधकांनीं एवढी सावधगिरी बाळगावी. जुन्या पत्रांत ‘शहरांत गर्दी जाहली’ असें आढळल्यास तेथें जत्रा भरली असें समजूं नये, आणि गारद्यांची पलटण आली असेंही समजूं नये. पत्राचा प्रसंग पाहावा, मागील-पुढील मजकूर पाहावा, आणि मगच अर्थ ठरवावा. आजचा अर्थ कालच्या कागदावर लादला, तर दंग्याचा मेळा होतो. आणि कानास गोड लागणारी व्युत्पत्ति स्वीकारली, तर लढून मेलेले शिपाई गोंधळाचे धनी ठरतात.