पेंढा भरलेला वाघ आणि सोलणारा हात

संस्थानिकांच्या दिवाणखान्यात पेंढा भरलेला वाघ उभा असतो. जबडा उघडा, डोळे काचेचे. खाली पितळी पट्टी असते. वाघ कोणी मारला, कोठे मारला, कोणत्या साली मारला आणि नाकापासून शेपटापर्यंत त्याची लांबी किती भरली, एवढे तिच्यावर कोरलेले असते. रान उठवणारे हाकारे तिच्यावर नसतात. कातडे सोलणारा, खरवडणारा, कमावणाराही नसतो. ही पट्टी हेही एक वाङ्मयच आहे आणि तिची समीक्षा आपण केली पाहिजे.

शिकारीचे बहुतेक सारे लेखन ह्या पट्टीचाच विस्तार आहे. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ साली शिकारीतील विक्रमांची नोंदवही प्रथम छापली. तिच्या तक्त्यांत शिंगाची लांबी आहे, घेर आहे, ठिकाण आहे आणि एक रकाना मालकाचा आहे. वॉर्ड स्वतः पेंढा भरण्याच्या धंद्यातले. पण सोलणाऱ्या हातासाठी त्यांनाही रकाना सुचला नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार बंद केली. भिंतीवरची जुनी मुंडकी मात्र राहिली आणि त्यांचा जो दाखला सरकारकडून मिळतो, तोही मालकीचाच!

आता हे काम असते तरी काय? जनावराची मापे घ्यायची, सुरी चालवून कातडे अखंड उतरवायचे, मांस आणि चरबी खरवडायची, मीठ लावायचे, कातडे कमावायचे. मग कागदाच्या लगद्याचा साचा करून त्यावर ते ताणून बसवायचे, काचेचे डोळे लावायचे, ओठ आणि जीभ नव्याने घडवायची. ह्यातला पहिला अर्धा भाग गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. ढोर, चांभार, महार यांच्या पिढ्यान् पिढ्या त्यातच गेल्या. पण म्हैसूरची व्हॅन इंगेन पेढी विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत राजेरजवाड्यांचे वाघ-बिबटे भरत होती आणि स्वतःला कलावंत म्हणवीत होती. तिचे कौशल्य मोठे होते, ह्यात वाद नाही. प्रश्न वेगळाच आहे. सुरी तीच, मीठ तेच, वासही तोच. मग एका हाताला कला आणि दुसऱ्या हाताला विटाळ का चिकटतो? विटाळ कातड्यात असता तर तो दिवाणखान्यातही शिरला असता. कातडे कोणाच्या भिंतीवर जाणार, ह्यावर सोलणाऱ्याची प्रतिष्ठा ठरते.

ह्या संदर्भात दोन इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. पहिले चार्ल्स वॉटरटन यांचे, दक्षिण अमेरिकेतील भटकंतीचे, प्रकाशन १८२५. डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, चार्ल्स एडमन्स्टन ह्या मित्राच्या जॉन नावाच्या काळ्या गुलामाला त्यांनी पक्ष्यांची कातडी टिकवण्याची विद्या शिकवली. जॉनची बुद्धी बेताची होती, त्याच्या डोक्यात काही उतरवायला फार वेळ आणि धीर लागला, असे ते लिहितात. आणि लगेच पुढे सांगतात की मालकाने जॉनला स्कॉटलंडला नेले, तेथे तो मुक्त झाला आणि आधी ग्लासगोच्या, मग एडिंबरोच्या संग्रहालयात कामाला लागला. बेताच्या बुद्धीच्या माणसाला दोन संग्रहालये काम देतात! वॉटरटन यांना ही विसंगती दिसत नाही. आपल्याला ती दिसली पाहिजे.

दुसरे पुस्तक चार्ल्स डार्विन यांचे आत्मचरित्र. लेखन १८७६, प्रकाशन १८८७. १८२६ साली एडिंबरोत वैद्यक शिकत असताना डार्विन फी देऊन एका काळ्या माणसाकडे पक्षी भरायला शिकले. तो माणूस मोठा लाघवी आणि बुद्धिमान होता, आपण पुष्कळदा त्याच्याजवळ जाऊन बसत असू, असे ते लिहितात. हेच कसब पुढे बीगल जहाजावरच्या प्रवासात त्यांच्या कामी आले. पण गुरूचे नाव आत्मचरित्रात नाही. तो जॉन एडमन्स्टन, हे नंतरच्या अभ्यासकांनी ठरवले. आणि त्याचे हे आडनावही मालकाचेच. एका लेखकाने जॉनला नाव दिले आणि बुद्धी नाकारली. दुसऱ्याने बुद्धी मान्य केली आणि नाव सोडले. जॉनचे स्वतःचे पुस्तक आपल्या हाती नाही.

मग आपण आपल्या बापजाद्यांच्या कसबाचे गोडवे गावेत काय? काही मित्रांना तसे वाटते. येथे सावध राहावे लागेल. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे बजावले. त्यांना कसबाची किंमत कळत नव्हती, असे नव्हे. ते काम जन्माने लादलेले होते आणि नाही म्हणण्याची मुभा त्यात नव्हती. डेमेरारात जॉन तेच काम मालकाच्या हुकुमाने करी. एडिंबरोत त्याच कामाची विद्या तो फी घेऊन देई. कसब बदलले नव्हते, माणूस मुक्त झाला होता.

२०१६ च्या जुलैत गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलितांना अमानुष मारहाण झाली. त्याच गिरच्या परिसरात सिंहाचे कातडे भिंतीवर लावणे हा एके काळी बड्यांचा बहुमान होता. उनाच्या घटनेनंतर सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे आणून टाकली आणि आपण ती उचलणार नाही, असे सांगितले. त्या पितळी पट्टीची इतकी रोखठोक समीक्षा कोणा पंडिताने केलेली नाही.

म्हणून शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालयात न्याल तेव्हा काचेच्या डोळ्यांपाशी थांबू नका; पट्टी वाचायला लावा. मग घरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा : हे काम कोणाच्या हुकुमाने केले, मोबदला काय मिळाला, आणि नाही म्हणता येत होते का? जी उत्तरे येतील, ती लिहून काढा. पट्टीवर जे कोरले गेले नाही, ते तेथूनच लिहिले जाईल.