मुठीत मावणारा उजेड

1977च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये म्हातारा ओबी-वान केनोबी पेटीतून एक चकचकीत नळी काढून ल्यूकच्या हातात देतो. ही तुझ्या वडिलांची, असं सांगतो. ल्यूक कळ दाबतो आणि उजेडाचं पातं सर्रकन बाहेर पडतं. प्रेक्षकाची नजर पात्यावर खिळते, ते साहजिकच आहे. पण पात्याची झळाळी नंतर फिल्मवर चढवलेली. नटाच्या हातात खरोखर होती ती मूठ. या लाइटसेबरच्या मुठीची किट हल्ली विकत मिळतात. असं किट जोडायला घेतलं की पडद्यावर क्षणभर दिसलेल्या त्या वस्तूची रचना बोटांना कळू लागते.

मूठ तयार केली चित्रपटाचे सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी. हातात पैसा बेताचा, आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांना हवं होतं वापरून मळलेलं, झिजलेलं जग. ख्रिश्चन यांना लंडनमधल्या फोटोग्राफीच्या एका दुकानात ग्राफ्लेक्स फ्लॅशगनचे जुने दांडे सापडले. ग्राफ्लेक्स ही न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची कंपनी. तिचा ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेरा एके काळी अमेरिकी वृत्तछायाचित्रकारांच्या हातात हमखास दिसायचा. कॅमेऱ्याच्या कडेला हा दांडा, पोटात तीन मोठे सेल, डोक्यावर बल्ब आणि रिफ्लेक्टर. ख्रिश्चन यांनी रिफ्लेक्टर बाजूला ठेवला, खालच्या निम्म्या भागावर काळ्या पट्ट्या सुपरग्लूने चिकटवल्या, क्लॅम्पच्या खाचेत कॅलक्युलेटरमधली भिंगांची पट्टी सरकवली. तळाला कमरपट्ट्यात अडकवण्यासाठी कडी आली आणि कथेतल्या जेडाय योद्ध्यांचं शस्त्र तयार झालं.

किटमध्ये हेच सगळं सुटं येतं: वरची आणि खालची नळी, क्लॅम्प, लाल बटण, काळ्या पट्ट्या, कडी, स्क्रू. सगळ्यात कस लागतो तो पट्ट्या बसवताना. नळीच्या घेराइतका कागद कापून त्यावर समान अंतराच्या खुणा करायच्या, कागद नळीभोवती गुंडाळायचा आणि प्रत्येक खुणेवर एकेक पट्टी सरळ उतरवायची. धातू आरशासारखा, त्यामुळे पट्टी केसभर तिरकी गेली तरी प्रतिबिंबामुळे तिरकेपणा दुपटीने डोळ्यांत भरतो. पट्ट्या लागल्या की मात्र नळीचं रूपच पालटतं. वरचा भाग गुळगुळीत, थंड, यंत्राचा. खालचा खडबडीत, काळा, हाताचा. कुठे धरायचं आणि उजेड कुठून येणार, हे कुणी सांगावं लागत नाही.

क्लॅम्पमधली ती भिंगांची पट्टी जवळून पाहण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकातल्या कॅलक्युलेटरमध्ये लाल आकडे इतके बारीक असत की ते मोठे दिसावेत म्हणून त्यांच्यावर इवल्याशा भिंगांची रांग बसवत. मुठीवर तिला काहीच काम नाही. तरीही नजर तिला नुसती नक्षी समजत नाही, कारण तो भाग एका अभियंत्याने खऱ्या कामासाठी आखलेला आहे. क्लॅम्पचा खटका खरोखर आवळतो, बटण खरोखर दाबलं जातं. काम कोणतं ते आपल्याला कळत नाही, पण काहीतरी काम आहे याची खात्री पटते. विज्ञानकथेतल्या वस्तूला एवढीच खात्री लागते. ओबी-वानची स्वतःची मूठ तर याच रीतीचा कळस: जेट इंजिनाच्या पाइपचा तुकडा, ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा भाग आणि तळाशी चक्क पाण्याच्या नळाची चावी!

जोडणी संपली की खरा निवाडा सुरू होतो, कारण किटची मूठ नवी कोरी दिसते. कथेत मात्र ती बापाची वस्तू, वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलेली. तिला जुनेपण द्यायचं तर कुठे आणि किती? हौशी माणूस सगळीकडे काळा रंग फासून पुसतो आणि मूठ गॅरेजमधल्या पान्यासारखी दिसू लागते. जाणता माणूस आधी हात कुठे पडेल ते बघतो. बटणाभोवती अंगठ्याची झीज, कडीपाशी कमरपट्ट्याचे ओरखडे, क्लॅम्पच्या सांध्यात साचलेला मळ, बाकी धातू तसाच. वापरणारा माणूस डोळ्यांपुढे असल्याशिवाय हे साधत नाही.

पाठभेदही आहेत. 1980च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये क्लॅम्पमधली भिंगं गेली आणि तिथे सर्किट बोर्डाची पट्टी आली. म्हणून कोणत्या चित्रपटाची मूठ करायची, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. काहीजण आत बॅटरी, स्पीकर आणि हालचाल ओळखणारं सर्किट घालून पॉलिकार्बोनेटच्या नळीत एलईडींची माळ ओवतात. पातं बुडापासून टोकापर्यंत उजळत जातं. चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून घडवलेला आवाज हात फिरवताच उमटतो. गंमत दांडगी आहे. फक्त सर्किटच्या सोयीसाठी नळी जाड झाली की मुठीतला तोल बिघडतो, आणि मुळात देखणा होता तो तोलच.

किटने एक मोठं काम केलं. चाहत्यांनी खरे ग्राफ्लेक्स दांडे विकत घेऊन लाइटसेबर करण्याचा सपाटा लावला होता. जुन्या कॅमेऱ्यांचे संग्राहक त्यावर नाराज होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. प्रतिकृतींमुळे ते दांडे वाचू लागले. पण किटमध्ये एक उणीव राहतेच: शोध आयता मिळतो. मूळ मुठीतला खरा पराक्रम हस्तकौशल्याचा नव्हता, निवडीचा होता. क्षणभर उजेड फेकण्यासाठी बनलेला दांडा उजेडाची तलवार होऊ शकतो, हे ख्रिश्चन यांना दिसलं. म्हणून किटमधला निदान एक भाग बाजूला ठेवावा आणि त्याजागी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाती लागलेला एखादा भाग बसवावा. मोजपट्टीने पाहिलं तर प्रतिकृती थोडी चुकेल. मूळ मूठ ज्या नजरेने घडली, तिच्या मात्र ती जास्त जवळ जाईल.