नशीब, नियत आणि माणूस : बहिणाबाईंच्या कवितेचे एक वाचन

आमच्या फैजपूर-सावदा भागात मे-जूनमध्ये वादळ सुटते. घड लागलेली केळीची बाग तासाभरात आडवी होते. दुसऱ्या दिवशी बांधावर उभा राहिलेला शेतकरी लेवा पाटील असो, तडवी असो की मोमीन मोहल्ल्यातला वाटेकरी, त्याच्या तोंडी एकच शब्द येतो : नशीब. हा शब्द अरबी आहे हे त्या क्षणी कुणाच्याही ध्यानीमनी नसते. तो आता या मातीचाच झाला आहे.

माणूस मुळात कसा आहे आणि त्याचे प्राक्तन कोण ठरवते, या दोन प्रश्नांवर धर्मांनी आणि तत्त्वज्ञांनी ग्रंथांचे ढीग रचले. परंतु खानदेशात या प्रश्नांचा सर्वांत धीट विचार एका निरक्षर शेतकरी बाईने केला. असोद्याला 1880 साली जन्मलेल्या आणि 1951 साली निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी तो जात्यावर, शेतात काम करता करता ओव्यांतून केला. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी टिकली आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली पुस्तकरूपाने आली. त्यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मात्र मुसलमान वाचकाने आपल्या परंपरेच्या उजेडात त्यांना वाचले तर काय हाती लागते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. तो येथे विचारायचा आहे.

प्रथम ज्योतिषाला उद्देशून लिहिलेली कविता घेऊ. बहिणाबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी मुले होती. कवितेतली बाई ज्योतिषाला दारातूनच परत पाठवते. कपाळाची कर्मरेषा कुंकवाखाली लपली होती, कुंकू पुसल्यावर ती उघडी पडली, असे ती म्हणते. तळहातावरची धनाची रेषा म्हणजे कष्टाने पडलेली भेग, असेही ती सांगते. हातावरच्या रेघोट्यांना नशीब म्हणायला ती साफ नकार देते. शेवटी ती मुलांचे सुख देवाकडे मागते आणि नशीब त्यातच आले, असे म्हणून पंचांग मिटवून टाकते.

येथे 'नशीब' या शब्दाकडे जरा निरखून पाहावे. अरबीत नसीब म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा. 'किस्मत' म्हणजेही वाटणी. 'तकदीर' हा शब्द ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ मापणे, प्रमाण ठरवणे. तिन्ही शब्दांत हिस्सा आणि माप आहे, बेडी नाही. शेत वाट्याला किती आले हे नसीब झाले. त्यात काय पेरायचे हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. बहिणाबाईंना अरबी येत नव्हते. तरीही रेषेतून नशीब काढून ते मागण्यात, म्हणजे आपल्या भाषेत दुआत, ठेवताना त्या या शब्दाच्या मूळ अर्थाच्या किती जवळ गेल्या आहेत!

इस्लामी विचारात या प्रश्नावर मोठे रण माजले होते. जबरिया म्हणत, माणूस वाऱ्यावरच्या पानासारखा आहे. कदरिया म्हणत, कृती त्याची स्वतःची आहे. अशअरींनी मधला मार्ग काढला : कृती निर्माण करणारा अल्लाह, ती कमावणारा माणूस. आपण बहुसंख्य हनफी ज्यांचे अनुयायी मानले जातो ते इमाम मातुरीदी (मृत्यू 944) यांनी माणसाच्या निवडीला अशअरींहून थोडी अधिक जागा दिली. म्हणजे आपल्या अकीद्यातच हातपाय हलवायला जागा आहे. ती आपण वापरत नाही, हा दोष अकीद्याचा नव्हे.

याचा सर्वांत सुंदर दाखला हजरत उमर यांचा आहे. ते शामकडे निघाले असता तिकडे प्लेग पसरल्याचे कळले आणि त्यांनी माघारी फिरायचे ठरवले. अबू उबैदांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा : होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. पुढे त्यांनी उंटांचा दृष्टान्त दिला. दरीची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड. उंट कुठेही चारले तरी ते तकदीरमध्येच आहे, पण शहाणा माणूस हिरवी बाजू निवडतो.

आता बहिणाबाईंची मनावरची कविता आठवावी. तिथेही चरणारे जनावर आहे. मन हे उभ्या पिकात शिरणारे ढोर आहे, कितीही हाकलले तरी पुन्हा पिकावर येणारे. उमर यांच्या दृष्टान्तात गुराखी जागा आहे. बहिणाबाईंच्या प्रतिमेत तो थकलेला आहे. पण दोन्हीकडे गुराखी आहे, हे महत्त्वाचे. आपल्या परंपरेत या ढोराचे नाव नफ्स. कुरआनात नफ्सच्या तीन अवस्था येतात : वाईटाकडे ओढणारा अम्मारा, स्वतःला दोष देणारा लव्वामा आणि शांत झालेला मुत्मइन्ना. मराठीत हाच लढा श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' या ग्रंथात मांडला. कादिरी परंपरेतल्या या संताने आतल्या विकारांशी चाललेले युद्ध ओवीत आणले. त्यांचा साधक विजयाकडे निघालेला आहे. बहिणाबाईंच्या मनाला मात्र मुत्मइन्ना अवस्था लाभत नाही. त्या मनाच्या खोडी सांगतात, त्यांचे कौतुक करतात आणि अखेर असे मन घडवणाऱ्या देवाकडेच वळून आश्चर्य करतात. उपदेश करायचे टाळतात, म्हणूनच ती कविता उपदेशाहून मोठी ठरते.

माणसावरच्या कवितेत मात्र त्या कठोर होतात. गोठ्यातले जनावर माणसापेक्षा बरे, असा सरळ निकाल देतात. गाय चारा खाऊन दूध देते, कुत्रा इमानासाठी शेपूट हलवतो आणि माणूस मतलबासाठी मान डोलावतो. या कवितेत बहिणाबाईंनी माणसाचे जे काही बिघडले आहे त्याला नाव दिले आहे 'नियत'. नियत आणि इमान! आपल्या दीनचे दोन खांब एका वारकरी वळणाच्या बाईच्या ओवीत उभे आहेत. बुखारींचा हदीससंग्रह ज्या हदीसने उघडतो, ती कृतीचे मोल नियतवर ठरते हेच सांगते.

यावरून बहिणाबाईंवर इस्लामचा प्रभाव होता, असे ओढूनताणून म्हणणे चूक ठरेल. काही उत्साही मंडळी तसे म्हणतील म्हणून हे सांगितले. फारुकी सुलतानांनी 1382 ते 1601 या काळात खानदेशावर राज्य केले. त्यांचे बुऱ्हाणपूर आमच्याकडून सावदा-रावेरमार्गे अगदी हाताशी. बाजार, कचेरी, दर्गा, शेतसारा यांतून हे शब्द घरोघर गेले आणि लेवा गणबोलीचे झाले. बहिणाबाईंनी ते उसने घेतले नाहीत, ते त्यांच्या चुलीपाशीच होते. भाषेने जे एकत्र नांदवले ते वेगळे करायला निघालेल्या दोन्हीकडच्या लोकांनी हे पाहावे.

याच बुऱ्हाणपुरात 1590 साली शेख मुहम्मद बिन फजलुल्लाह यांनी 'तुहफतुल मुर्सला' हा छोटा अरबी ग्रंथ लिहिला. अस्तित्वाचे सात मर्तबे त्यात सांगितले आहेत आणि सातवा, बाकी सर्वांना सामावून घेणारा मर्तबा माणसाचा आहे. हा ग्रंथ पुढे सुमात्रा-जावापर्यंत पोहोचला. आपल्या शेजारच्या गावातला विचार समुद्रापार गेला, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नाही! त्या सूफीने माणूस किती उंच जाऊ शकतो हे सांगितले. तीनशे वर्षांनी त्याच खानदेशात बहिणाबाईंनी, तो माणूस अजून माणूससुद्धा झालेला नाही, असे बजावले. मला ही दोन विधाने परस्परविरोधी वाटत नाहीत. कुरआन माणसाला सर्वोत्तम घडणीचा म्हणतो आणि लगेच तो खालच्याहून खाली जातो हेही सांगतो. सूफीने पहिली बाजू धरली, कवयित्रीने दुसरी.

मतभेदही नोंदवले पाहिजेत. बहिणाबाईंची कर्मरेषा कर्मविपाकाच्या कल्पनेतून येते. मागच्या जन्माचा हिशेब या जन्मी फिटतो, असे ती कल्पना सांगते. आपल्याकडे मागचा जन्म नाही. एकच आयुष्य आणि त्याचा एकच हिशेब. म्हणून विधवेच्या दुःखाला तिचेच पूर्वकर्म जबाबदार धरण्याची सोय इस्लामात नाही. पण गंमत अशी, की बहिणाबाईही ती सोय घेत नाहीत. त्या देवाकडे तक्रार करतात. त्याच्या घरचा धनाचा झराही आटला, असे सुनावतात. इकबालच्या 'शिकवा'त एक कौम तक्रार करते, येथे एकटी बाई करते. हजरत याकूबांनीही आपले दुःख अल्लाहपाशीच मांडले होते. तक्रार म्हणजे ईमान सुटणे नव्हे. जिथे नाते आहे तिथेच तक्रार असते.

आता आपल्या लेखनाकडे यावे. मुस्लिम मराठी साहित्याची संमेलने 1990 साली सोलापूरपासून सुरू झाली. त्यानंतर पुष्कळ कथा-कविता आल्या. पण तलाक मिळालेली बाई, शाळा सुटलेला पोर, यंत्रमागावर खोकणारा बाप यांच्या कथा शेवटच्या परिच्छेदात तकदीरच्या हवाली केलेल्या अनेकदा दिसतात. हे वाङ्मयीन अपयश आहे, आणि धार्मिकही. लेखक जिथे तकदीर म्हणतो तिथे बहुधा कुणाची तरी नियत असते. तिचे नाव घेणे गैरसोयीचे असते, म्हणून अल्लाहचे नाव घेतले जाते. इकबालांनी 1930 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तकदीर म्हणजे बाहेरून लादलेला हुकूम नव्हे, तर वस्तूच्या आत दडलेल्या शक्यता, असे सांगितले. आपल्या कथांतली पात्रे या शक्यतेपर्यंत पोहोचतच नाहीत.

फैजपूरला याची आठवण करून द्यायची गरज पडू नये. डिसेंबर 1936 मध्ये खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन याच गावी जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. तिथे शेतकी कार्यक्रम मंजूर झाला. शेतसारा व खंड कमी व्हावा, कर्जाचा बोजा हलका व्हावा, अशा मागण्या त्यात होत्या. शेतकऱ्याचे दारिद्र्य कपाळावर लिहिलेले नाही, ते खातेवहीत लिहिलेले आहे, हाच त्याचा अर्थ होता. अवघ्या दोन तालुक्यांपलीकडे बहिणाबाई हेच आपल्या बोलीत सांगत होत्या.

वादळ अल्लाहचे आहे. पडलेल्या बागेचा पंचनामा वेळेवर होतो की नाही, वाटेकऱ्याला त्यातला हिस्सा मिळतो की नाही, हे नियतीचे नव्हे, नियतचे प्रश्न आहेत. या दोन शब्दांतला फरक खानदेशच्या एका निरक्षर बाईला कळला होता. आपण तर लिहिता-वाचता येणारे आहोत.