असगरीचा उंबरठा आणि रोकेयांची भिंत

मुस्लिम स्त्रीच्या वाङ्मयीन चित्रणात धर्मदृष्टी आणि स्त्रीवादी दृष्टी परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे त्याचा अपुरेपणा ध्यानी येतो. नझीर अहमद यांच्या ‘मिरात-उल-उरूस’ (१८६९) या उर्दू कादंबरीतील असगरी सुशिक्षित असून घरातच मुलींना शिकविते. परंतु तिच्या बुद्धीचे सार्थक लेखकाला सासरची घडी बसविण्यातच दिसते. वेगळे बिऱ्हाड मागणारी अकबरी मात्र मूर्ख ठरते. उलट रोकेया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) या इंग्रजी कथेत पुरुष पडद्याआड आहेत आणि स्त्रिया राज्य चालवितात. व्यक्तिचित्रण म्हणून असगरी अधिक सजीव आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि रोकेयांच्या कल्पित देशातही धर्म लोपलेला नाही. प्रेम आणि सत्य हेच त्याचे अधिष्ठान होय. भिंत तशीच ठेवून आत कोण असावे एवढेच लेखिकेने पालटले, आणि ती भिंत मनुष्यनिर्मित असल्याचे उघड झाले. श्रद्धा आणि भिंत यांतील हा भेद ज्या समीक्षेला दिसत नाही, तिला या स्त्रियांचे मर्म कळणे कठीण आहे.