खाँसाहेबांचा मुक्काम

आमचे जाम हे चौरस्त्याचे गाव. नागपूरहून येणारी वाट येथे फुटते. एक हैदराबादकडे जाते, दुसरी चंद्रपूरकडे. गिरडच्या दर्ग्याकडे निघालेले कव्वालही कधी येथे चहाला उतरतात. पेटी चादरीत गुंडाळलेली, ढोलकवाला बाकावर पेंगलेला. आमच्या लहानपणी असाच एक कव्वाल आमच्या अंगणात रात्रभर गायला. तो काय गायला हे घरातली वडीलधारी मंडळी पुढे कित्येक वर्षे सांगत. तो जेवला कुठे, निजला कुठे, सकाळी कोणत्या गावी गेला, हे मात्र कुणालाच सांगता येईना. मराठीतले संगीतविषयक लेखन वाचताना आम्हाला ते अंगण हटकून आठवते.

गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हे त्यातले मानाचे पुस्तक. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी त्यांनी जवळून ऐकली आणि तिच्याविषयी मनापासून लिहिले. त्यांच्या आदराविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. पण त्यांची नजर गायकीवर खिळलेली आहे. अशा लेखनात तंबोरे जुळले की खाँसाहेब आपल्याला भेटतात आणि भैरवी संपली की दिसेनासे होतात. दोन बैठकींमधला माणूस कुठे असतो?

त्याचे उत्तर खुद्द खाँसाहेबांनी देऊन ठेवले आहे. अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांनी उतारवयात आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीन खाँ यांना उर्दूत सांगितली. अमलान दासगुप्ता आणि ऊर्मिला भिरडीकर यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २००० साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. उर्दूत सांगितलेली ही कथा आम्ही इंग्रजीतून वाचली आणि तिच्याविषयी मराठीत लिहीत आहोत, हाही एक प्रवासच. या कथनात वडिलांच्या मागे चुलत्यांकडून घेतलेली तालीम आहे, राजस्थानातली संस्थाने आहेत आणि अखेर शाहू महाराजांच्या कोल्हापुरात लाभलेला आश्रय आहे. गाणे आणि वाट येथे वेगळी काढताच येत नाहीत.

एकच प्रसंग पाहा. एका लहानशा दरबारी खाँसाहेबांना तासन्‌तास गावे लागले आणि त्यांचा आवाज बसला. पूर्वीचा आवाज परत आलाच नाही. जो उरला त्याला सोसेल, शोभेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. रसिकमंडळी हा प्रसंग चमत्कारासारखा सांगतात. आम्हाला त्यात पोटासाठी हिंडणाऱ्या कलावंताची अडचण दिसते. ज्याच्या घरी उतरलो, ज्याचे मीठ खाल्ले, त्याची फर्माईश मोडायची कशी? पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठातून जी गायकी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, तिच्या घडणीत यजमानाच्या त्या हट्टाचाही वाटा आहे. म्हणूनच वाटेचा तपशील गाळला तर समीक्षाच अपुरी राहते.

अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांचे चरित्र त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी १९७२ साली लिहिले. सहवासात राहिलेल्या शिष्याला गुरूची वाटही दिसते, हे त्यावरून कळते. खाँसाहेबांचा अंत सर्वांना ठाऊक आहे. मद्रासकडचा कार्यक्रम आटोपून पाँडिचेरीला जाताना गाडीत प्रकृती बिघडली, सिंगपेरुमलकोईल स्टेशनावर उतरावे लागले आणि तेथेच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. सूर लावता लावता आलेला मृत्यू म्हणून आपण तो भक्तिभावाने सांगतो. पण पासष्टाव्या वर्षीही पुढची बैठक गाठण्यासाठी आगगाडीत बसावे लागत होते, हे कोण सांगणार? मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचा कायमचा मुक्काम पडला. तेथे दरवर्षी गवई हजेरी लावतात.

कोणी म्हणेल, रसिकाला गाण्याशी मतलब. बिदागी किती आणि बिछाना कुठे, याच्याशी काय? आम्हाला हे पटत नाही. मराठी साहित्यात खाँसाहेबांना मान भरपूर मिळाला, पण तो पाहुण्याचा मान. पाहुण्याला चांगल्या जागी बसवतात. त्याचे घर कुठे, मागे कोण, हे कोणी विचारत नाही. अल्लादियाखाँनी नातवाला सांगितलेल्या कथेत तोच पाहुणा घरातला कर्ता माणूस होऊन बोलतो. त्या पुस्तकाचे मोल आम्हाला येथे वाटते.

टेंब्यांनी आपले काम चोख केले. उरलेले आपले आहे. आपल्या मोहल्ल्यांत कव्वाल आहेत, सनईवाले आहेत, लग्नसराईत गावोगाव हिंडणारे बँडवाले आहेत. त्यांच्या वाजवण्याविषयी लिहिता आले तर उत्तमच. तेवढे जमले नाही तर निदान त्यांच्या शेजारी बसावे आणि रात्रीचा मुक्काम कुठे पडला, एवढे तरी विचारून लिहून ठेवावे.